गोलकीपरच्या नावाची दाढी

आमच्या टीमचे सामने सुरू असले की मला कंटाळा येतो. हे मी सलूनमध्ये कधी बोललो नाही, कारण तिथे आपली मान वस्तऱ्याखाली असते. पण नव्वद मिनिटं बावीस माणसांना धावताना बघत बसणं माझ्याच्यानं होत नाही. माझा हंगाम सुरू होतो सामने संपल्यावर. मे महिन्यात आमची टीम थकूनभागून घरी जाते आणि मग पार पोळ्यापर्यंत मैदानावर काहीच घडत नाही. जे घडायचं ते देवळीच्या बसस्टँडसमोरच्या एका सलूनमध्ये घडतं. कोणता खेळाडू जाणार, कोणता येणार, कोणाचा गुडघा सुजला, कोणाची बायको त्या शहरात राहायला तयार नाही. तीन महिने नुसतं बोलायचं. आणि बोलण्यात मी आजवर कोणाला हार गेलेलो नाही.

‘आमची टीम’ म्हणजे सात समुद्रांपलीकडची. आमच्यापैकी कोणीही ते शहर पाहिलेलं नाही. सलूनवाला भाऊ माझा शाळेपासूनचा दोस्त. काही वर्षांपूर्वी त्याने सलूनमध्ये टीव्ही लावला आणि पहिल्याच आठवड्यात रिमोट गरम पाण्याच्या भांड्यात पडला. त्या क्षणी टीव्हीवर जे चॅनल होतं तेच आमच्या नशिबी आलं. ते निघालं परदेशी फुटबॉलचं. पहिल्याच दिवशी हिरव्या जर्सीतली एक टीम चार गोलांनी मार खात होती. भाऊने कात्री थांबवली आणि म्हणाला, “एवढा मार खाऊनबी पळून नाई राह्यले बे. हे आपलेच.” झालं. त्या दिवसापासून ती आमची टीम.

सलूनमध्ये कायमचे असे आम्ही चौघे. एक भाऊ स्वतः. दुसरे गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांनी पहिल्याच महिन्यात ते शहर नकाशात शोधून भिंतीवर चिकटवलं आणि तिथे पाऊस किती पडतो हेही खाली लिहून ठेवलं. तिसरे काकाजी. सत्तरी ओलांडलेले शेतकरी, डोक्याला टक्कल, दाढी घरीच करतात, तरी रोज दहाच्या ठोक्याला पंख्याखालच्या खुर्चीत हजर. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नाही, पण बैलातलं सगळं कळतं, आणि त्यांच्या मते दोन्ही एकच. चौथा मी. माझा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा आहे. तालुक्यात लग्न असो की सभा, “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग” म्हणणारा तो घसा माझा.

आता मूळ गोष्ट. मागच्या मे महिन्यातला शेवटचा सामना. रविवारची संध्याकाळ. भाऊ गुरुजींची दाढी करत होता. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर फेस होता. सामना बरोबरीत होता आणि शेवटची दोन मिनिटं उरली होती. समोरच्या टीमच्या कोणीतरी उगाच पाय लावावा तसा पाय लावला. चेंडू पिशवीतून सुटलेल्या लिंबासारखा घरंगळत निघाला. आमचा गोलकीपर त्याची वाट पाहत वाकला. एवढ्या आदराने वाकला की मला वाटलं आता नमस्कार करतो. आणि चेंडू त्याच्या दोन पायांमधून, कोणालाही न दुखवता, आत गेला.

भाऊने हातातला वस्तरा खाली ठेवला. ड्रॉवर उघडला. त्यातून त्याच्या वडिलांचा जुना, पांढऱ्या मुठीचा वस्तरा काढला. तो वस्तरा भाऊ कधी वापरत नाही. दसऱ्याला त्याची पूजा करतो. तो त्याने छातीशी धरला आणि टीव्हीकडे बघून म्हणाला, “बापाच्या वस्तऱ्याची शप्पत! आपल्या टीमच्या दारात आपला नवा गोलकीपर उभा राह्यत नाई, तवरोक माह्या गालाले वस्तरा लागणार नाई!”

गुरुजी फेसातून म्हणाले, “अरे, पण माझ्या गालाले तर लाव.”

“आज नाई गुरुजी. आज हात थरथर कापून राह्यला.”

गुरुजी गळ्यात टॉवेल तसाच ठेवून, अर्धी दाढी घेऊन बाजारपेठेतून घरी गेले. तेवढ्यात चहा घेऊन वहिनी आल्या होत्या. भाऊचं घर सलूनच्या मागेच आहे. त्यांनी शपथ पूर्ण ऐकली, कप खाली ठेवले आणि म्हणाल्या, “सलूनवाल्यानं दाढी वाढवाची म्हणजे हलवायानं मिठाईले नाकं मुरडाची. चालू द्या.”

जूनपर्यंत दाढी छातीकडे निघाली. भाऊची दाढी साधी नाही. ती खाली कमी आणि बाजूंना जास्त वाढते. गिऱ्हाईकं दारातून डोकावून म्हणायची, “आधी तुमची करून घ्या जी, मंग आमची करा.” भाऊ गंभीरपणे उत्तर द्यायचा, “गोलकीपर येऊन राह्यला. वाटेत हाय.”

आणि नेमके त्याच महिन्यात भाऊच्या पोरीला बघायला आर्वीचे पाहुणे आले.

भाऊची एकुलती एक मुलगी वर्ध्याला नोकरी करते, रोज एसटीनं जाते-येते. त्या एसटीतच तिने मुलाला आधी पाहून ठेवलं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बघण्याचा कार्यक्रम म्हणजे नुसती रीत. मुलाच्या वडिलांचं आर्वीला बियाण्यांचं दुकान. माणूस भारदस्त, मिशी झुपकेदार, बोलणं मोजकं. शब्दांना पावती फाडावी लागत असावी असं बोलणं. आमच्याकडून कोणी बोलताना घसरलं तर सावरायला म्हणून मला बसवलं होतं.

पोहे आले. चहा आला. मुलाच्या वडिलांनी कशालाही हात लावला नाही. ते भाऊच्या दाढीकडे बघत होते. बराच वेळ बघून झाल्यावर खालच्या आवाजात म्हणाले, “घरात काही वाईट झालं का जी? सुतक असंन तं सांगा. आमी पाण्यालेबी हात लावला नाई अजून.”

भाऊचा स्वभाव सरळ. तो म्हणाला, “नाई जी. गोलकीपर येऊन राह्यला.”

“कोण?”

“गोलकीपर. एकदा दारात उभा राह्यला की त्याच दिवशी करतो दाढी.”

पाहुण्यांनी हळूच मान वळवून दाराकडे पाहिलं. त्यांच्याबरोबर आलेल्या दोन बायकांनीही पाहिलं. दारात फक्त माझी स्कूटर होती. पडद्यामागून बांगड्यांचा आवाज आला, तो वहिनींनी कपाळाला हात लावल्याचा.

अशा वेळी माझा घसा आपोआप पुढे येतो. मी म्हणालो, “नवस आहे जी! भाऊंनी नवस बोलला आहे. फिटेपर्यंत दाढी नाही.”

‘नवस’ म्हटल्याबरोबर सगळे सैल झाले. पाहुण्यांनी पोह्यांची बशी उचलली. दोन घास खाऊन त्यांनी साखरपुड्याचा दिवसच सांगून टाकला, “नवसाले आमची ना नाई. पोळा झाला की येणाऱ्या रविवारी साक्षगंध करू. पण तवरोक फेडून टाका बाप्पा. चार पाहुण्यांसमोर मले आमचे व्याही दाढीतून शोधा लागले नाई पाह्यजे.”

पाहुणे गेले आणि वहिनी बाहेर आल्या. “ऐकलं ना? गोलकीपर येवो नाई तं जावो, साक्षगंधात गाल दिसले पाह्यजे. नाई तं तुमी मंडपाच्या मागं, जनरेटरपाशी. अन् भाऊजी, तुमी जनरेटर मोठा आणजा, हे लपले पाह्यजेत.”

“शप्पत बापाच्या वस्तऱ्याची हाय,” भाऊ म्हणाला. आवाज एवढासा झाला होता.

पोरगी आतून आली आणि बापाजवळ बसली. “बाबा, शप्पत मोडू नका. मी त्याले सांगते, तारीख पुढं ढकलू.”

“तारीख नाई ढकलाची,” भाऊ म्हणाला. आणि दाढीतून तिच्याकडे असं बघितलं की माझी थट्टा घशातच राहिली. बाप म्हणून त्याला लेकीच्या साक्षगंधात समोर उभं राहायचं होतं, आणि ते एका अनोळखी उंच माणसावर अवलंबून होतं, ज्याला देवळी नावाचं गाव आहे हेही माहीत नव्हतं.

त्यामुळे जुलैमध्ये आमच्या गप्पांना वेगळीच धार आली. इतर वर्षी आम्ही गंमत म्हणून खेळाडू आणायचो-पाठवायचो. यंदा लग्नघर अडलं होतं. गुरुजी रोज सकाळी बातमी वाचायचे. सोमवारी एक गोलकीपर यायचा, बुधवारी तो दुसऱ्याच टीमकडे जायचा, शुक्रवारी त्याचा खांदा निखळायचा.

“खिडकी अजून उघडी आहे,” गुरुजी धीर द्यायचे.

“कोणती खिडकी?” काकाजींनी विचारलं.

“खेळाडूंच्या खरेदी-विक्रीला ठरावीक दिवस असतात काकाजी. त्याला तिकडे खिडकी म्हणतात. ती बंद झाली की मग काही नाही.”

“म्हणजे बैलबाजार. मंग बाजार म्हणा ना. बाजाराले खिडकी कायले?”

“आणि घेण्याआधी डॉक्टर खेळाडूला तपासतात.”

“दात पाह्यतात का?”

“दात नाही. गुडघे, छाती, डोळे.”

“दात पाह्यले पाह्यजे,” काकाजी ठामपणे म्हणाले. “मागच्याचे पाह्यले असते तं हे झालं नसतं.”

भाऊला या सगळ्यात हसू येत नव्हतं. तो दाढी खाजवत रस्त्याकडे बघायचा. एसटी थांबली की उतरणाऱ्या उंच माणसांवर त्याची नजर जायची. खरंच जायची. मी पाहिलंय.

आणि इथे मी माती खाल्ली.

चौदा ऑगस्ट. दुसऱ्या दिवशीच्या झेंडावंदनासाठी मी सलूनशेजारच्या शाळेच्या मैदानावर नवे स्पीकर बांधत होतो. नवे स्पीकर म्हणजे माझ्यासाठी नवी सून; सगळ्या गावाला दाखवल्याशिवाय चैन पडत नाही. “हॅलो, हॅलो” म्हणून झालं. एक, दोन, तीन म्हणून झालं. घसा तापला होता, आवाज असा काही घुमत होता की मला राहवलं नाही. मी म्हणालो, “ऐका हो ऐका! आत्ताच हाती आलेली बातमी! आपल्या टीमने नवा गोलकीपर घेतला! सहा फूट चार इंच! दात तपासलेले!”

मला वाटलं होतं, भाऊ दारात येईल, शिव्या देईल, मी हसेन, तो चहा सांगेल. पण भाऊ आलाच नाही. पाच मिनिटं गेली. मी वायर टाकून सलूनकडे धावलो.

भाऊ आरशासमोर उभा होता. गालभर फेस. हातात वडिलांचा वस्तरा. तोंडावर असं हसू की मे महिन्यापासून ते कुठे ठेवलं होतं कोणास ठाऊक. आणि मी “थांब!” म्हणेपर्यंत त्याने कानापासून हनुवटीपर्यंत एक लांब ओढ मारलीसुद्धा.

मागोमाग पोरगी आतून फोन घेऊन आली. स्वातंत्र्यदिनाच्या तयारीमुळे ती लवकर घरी आली होती. “बाबा, कुठी हाय? कोणीच घेतला नाई अजून.”

भाऊने आरशात मला पाहिलं. मी काहीच बोललो नाही, आणि मी काही बोललो नाही म्हणजे काय झालं हे त्याला लगेच कळलं. त्याने वस्तरा धुतला, पुसला, ड्रॉवरमध्ये ठेवला. फेस पुसला. त्या रानटी दाढीतून आता एक स्वच्छ, गोरी, दोन बोटं रुंदीची पट्टी गेलेली. जणू जंगलातून नवा डांबरी रस्ता काढला होता. मग त्याने माझी नेहमीची खुर्ची उचलून बाहेर ठेवली आणि दार लावून घेतलं.

आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी सलूनसमोर उभा राहिलो की तो काकाजींना म्हणायचा, “काकाजी, बाहेर कोण उभं हाय त्याले सांगा, आज सलून बंद हाय.” काकाजी आतून ओरडायचे, “बंद हाय म्हणते.” आणि आत गिऱ्हाईकाची दाढी चालू असायची. या रागाचा सगळ्यात मोठा फटका माझ्या डोक्याला बसला. केस वाढले म्हणून मी वर्ध्याला एका चकाचक सलूनमध्ये गेलो. तिथल्या कारागिराने मला काही न विचारता दोन्ही बाजू साफ केल्या आणि मधोमध कोंबड्याचा तुरा ठेवला. माझं वय पन्नासच्या पुढे. घरी आलो तर बायको म्हणाली, “कोणं मारलं तुमाले?”

चूक माझी होती, म्हणून मी तुरा घेऊन गुपचूप फिरत राहिलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे बैलांचे खांदे हळद-लोणी लावून शेकतात त्या संध्याकाळी, बातमी आली. खरी बातमी. पोरीने एसटीतूनच गुरुजींना फोन केला आणि गुरुजी टोपी न घालता सलूनकडे धावले. मी पलीकडे पानठेल्यावर उभा होतो, तिथून सगळं ऐकू येत होतं.

“आला!” गुरुजी म्हणाले. “गोलकीपर आला!”

भाऊने त्यांचा हात धरला. “शप्पत?”

“शप्पत. फक्त... एक बारीक गोष्ट आहे.” गुरुजींनी चष्मा पुसला. “तो विकत नाही घेतला. दुसऱ्या टीमचा आहे. एका वर्षासाठी उसना आणला आहे. वर्ष झालं की परत.”

भाऊ खाली बसला. “उसना?”

“उसना.”

“मंग तो आपला कसा झाला गुरुजी? मी म्हणलं होतं, आपला नवा गोलकीपर.”

“हो. काटेकोर पाहिलं तर तो आपला नाही.” गुरुजींनी आयुष्यभर अर्धा गुणसुद्धा कोणाला फुकट दिला नव्हता.

मला रस्त्यापलीकडून ओरडावंसं वाटलं की अरे, कर ना दाढी, कोण बघतंय! पण मागच्या वेळी मी ओरडलो त्याचं काय झालं ते त्याच्या गालावर लिहिलेलं होतं. आणि भाऊ स्वतःच म्हणाला, “वस्तरा बापाचा हाय. त्याच्यापाशी लबाडी नाई चालत. रविवारी साक्षगंध हाय तं हाय. मी बसतो जनरेटरपाशी.”

काकाजी काठी टेकून उठले. जाताना दारात थांबून म्हणाले, “उद्या पोळ्यात येजो. माही जोडी पाह्यजो. मंग बोलू.”

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले. शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. माइक अर्थातच माझ्याकडे. आमच्याकडे पोळा फुटायच्या आधी झडत्या म्हणतात. म्हणजे एकाने यमक जुळवून कोणाची तरी टोपी उडवायची, दुसऱ्याने तशीच परत करायची आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. भाऊ गर्दीत मागे, तोंडावर दुपट्टा गुंडाळून उभा होता. बाजूला पोरगी.

काकाजी त्यांची जोडी घेऊन पुढे आले. एक बैल पांढरा, एक तांबडा. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच घेतला असावा, कारण तो त्यांनी कानाला लावला. मी तोंडाकडे केला.

“हा पांढरा माहा,” ते म्हणाले. “हा तांबडा शेजाऱ्याचा. त्याच्यापाशी एक, माह्यापाशी एक. दोघं मिळून सावडीनं वखर चालवतो. ठावं हाय ना सगळ्याईले?”

“हो!” सगळे म्हणाले. एकेकच बैल असलेल्या दोघांनी मिळून एक जोडी करायची, एक दिवस तुझं शेत, एक दिवस माझं, हे तिथे कोणाला सांगायची गरज नव्हती.

“मंग ही जोडी कोणाची?”

“तुमची!”

“पोळा फुटला की तांबड्याले कोणाच्या घरी ओवाळतात?”

“दोन्ही घरी!”

“पुरणाची पोळी?”

“दोन्ही घरी!”

“अन् आज माह्यासंगं तोरणाखाली उभा हाय, तं आज तांबडा कोणाचा?”

“तुमचा!” एवढा मोठा आवाज झाला की तांबडा स्वतःच दचकला.

काकाजींनी काठीनं मागे उभ्या असलेल्या भाऊकडे खूण केली. “ऐकलं का बे? एका वर्षासाठी आला काय अन् जलमभर राह्यला काय. ज्याच्या तोरणाखाली उभा, त्याचा तो.”

गुरुजी मात्र गुरुजीच. ते म्हणाले, “मान्य. पण उभा कुठे आहे? शपथेत ‘उभा’ हा शब्द आहे. पहिला सामना तर रविवारी संध्याकाळी. साक्षगंध दुपारी.”

पोरीने फोन त्यांच्यापुढे धरला. सरावाच्या मैदानाचा फोटो होता. दोन खांबांच्या मधे, हिरव्या जर्सीत, एक उंच, किंचित टक्कल पडलेला माणूस कमरेवर हात ठेवून उभा. गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं, फोटो मोठा करून दोन्ही पाय जमिनीला टेकलेत का तेही पाहिलं.

“उभा आहे,” त्यांनी निकाल दिला.

दुपट्ट्यातून भाऊचे डोळे पोरीकडे वळले. ती खाली बघून हसत होती. आता माझी पाळी होती. मी माइक घेतला. तालुकाभर सभा गाजवलेला हा घसा पहिल्यांदाच स्वतःची टोपी उडवायला निघाला.

“आंबा पिकला, निंबू पिकला, पिकली नाई बोर,
माइकवाल्यानं थाप मारली, तोच खरा चोर!
दोस्ताच्या गालावर पडली कोरी पट्टी,
बैलापुढं कान धरतो, सोड आता कट्टी!”

आणि मी खरंच कान धरले. एका हातात माइक असल्यामुळे एकच धरता आला. लोक हसले, गजर झाला. भाऊ गर्दीतून पुढे आला. त्याने माइक ओढून घेतला, दुपट्टा सोडला, पट्टीसकट दाढी सगळ्या गावाला दाखवली आणि आठ दिवसांचं साचलेलं एका दमात बाहेर काढलं:

“आंबा ठेव, बोर ठेव, ठेव बाजूले निंबू,
डोकं तुहं असं दिसते जसा तुटका बंबू!
पट्टी पडली माह्या गाली, भल्लं झालं हसू,
कोंबड्याचा तुरा पाहून मलेच आले आसू!”

आणि माझ्या तुऱ्यावर गुलाल टाकला. पोळा फुटला. बैल घराकडे निघाले.

शनिवारी सकाळी भाऊ स्वतःच्या खुर्चीत बसला. एवढी वर्षं त्या खुर्चीमागे उभा राहणारा माणूस तिच्यात बसल्यावर पाहुण्यासारखा अवघडला होता. वडिलांचा वस्तरा त्याने गुरुजींच्या हातात दिला, कारण मे महिन्यात अर्धे राहिलेले तेच होते. गुरुजींनी उजवा गाल अगदी नकाशा काढावा तसा साफ केला. मग वस्तरा खाली ठेवला.

“अन् डावा?” भाऊने विचारलं.

“आज नाही,” गुरुजी म्हणाले. “आज हात थरथर कापून राह्यला.”

भाऊ खुर्चीतून उठेपर्यंत गुरुजी दारात होते. आम्ही त्यांना चहा, बिस्किटं आणि पुढच्या सहा महिन्यांची फुकट दाढी कबूल करून परत आणलं.

रविवारी मंडप माझा, त्यामुळे फुलं जरा जास्तच. भाऊ दारातच उभा होता. पांढरा सदरा, गुळगुळीत गाल, उन्हाने काळवंडलेल्या कपाळाखाली दूधपांढरा चेहरा. आर्वीची गाडी आली. मुलाचे वडील उतरले, तडक भाऊपाशी आले, त्याच्या हातात मिठाईचा पुडा आणि स्वतःची छत्री दिली आणि म्हणाले, “हे आत ठेवा बाप्पा. अन् पाण्याचं पाहा जरा. व्याही कुठी हायेत?”

“मीच हाय जी,” भाऊ म्हणाला.

पाहुण्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खात्री पटेना, तेव्हा त्याच्या गालाला बोट लावून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “दाढीत बरे दिसत होते जी.”

साक्षगंध झालं. फोटोत भाऊ बरोबर मधोमध उभा आहे, लेकीच्या खांद्यावर हात ठेवून. फक्त त्याचा चेहरा दोन रंगांचा आलाय. जनरेटर मागेच राहिला, एकटा.

संध्याकाळी पाहुणे निघायच्या आधी सगळे सलूनमध्ये आले, कारण पहिला सामना होता आणि ज्याच्यासाठी नवस बोलला होता तो माणूस बघायची पाहुण्यांना फार उत्सुकता होती. आमचा उसना गोलकीपर दोन खांबांमध्ये उभा राहिला. चांगला रुबाबदार. काकाजी म्हणाले, “खांदे चांगले हायेत.” अकराव्या मिनिटाला समोरून एक चेंडू घरंगळत आला. हळूहळू. लिंबासारखा. तो वाकला.

आत गेला.

सगळ्यांच्या माना भाऊकडे वळल्या. भाऊ उठला, ड्रॉवरपाशी गेला, ड्रॉवर उघडला. आत वस्तरा नव्हता. वहिनींनी तो सकाळीच काढून, धुऊन-पुसून, पोरीच्या शालूच्या घडीत ठेवून कपाटाला कुलूप लावलं होतं. त्या दारात उभ्या होत्या आणि किल्ली त्यांच्या कमरेला होती.

भाऊने ड्रॉवर हळूच लोटला. गुळगुळीत गालावरून हात फिरवला. आधी लेकीकडे पाहिलं, मग व्याह्यांकडे.

“असू द्या,” तो म्हणाला. “सावडीचा हाय. पहिल्या दिवशी बैलबी वाकडाच चालते.”